कोऱ्या स्क्रीनवरची टिपणं

माझ्या बायकोचं म्हणणं असं की मला एखादं व्यसन असतं तर बरं झालं असतं, सोडवायला तरी घेता आलं असतं. नाद मात्र तीन आहेत आणि त्यांतला एकही सुटण्यातला नाही. सुट्टीच्या दिवशी मी गॅसचा ताबा घेतो. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणतो, उघडतो आणि दोनांचा मिळून एक चालता करतो. आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचतो, म्हणजे एकेक पान तीनदा वाचतो आणि चौथ्यांदा कळल्यासारखं वाटतं. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली मदरबोर्ड आणि पलंगावर पुस्तकं असतात, खालच्या ट्यूशन क्लासमधून त्रिकोणमिती वर येत असते आणि मी वांगी भाजत असतो. सरकारी ऑफिसात आठवडाभर फायली पुढे ढकलणाऱ्या माणसाला एवढं तरी हवंच.

स्वयंपाक मी आईकडून उचलला, कॉम्प्युटर माझा मी शिकलो, तिसरा नाद बाबांचा. ते अकोल्याला राहतात. शाळामास्तर होते. माझ्या आजोबांना सही येत नव्हती. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला आणि त्यानंतर आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं. वाचता येणारं माणूस घरात एकच, चौदा वर्षांचे माझे बाबा. आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबून आले की बाबा वाचायचे आणि आजोबा मधेच हात वर करून म्हणायचे, "थांब. हे मले पटत नाही. पुन्हा वाच." बाबांना वाचनाची सवय लागली ती अशी, न पटण्यासकट. लेखक कितीही मोठा असो, त्याच्याशी भांडण झाल्याशिवाय त्यांचं पान उलटत नसे.

आई गेल्यावर मी त्यांना म्हटलं, चला अमरावतीला. "तुमी दोघंही ऑफिसात जाता," ते म्हणाले, "अन मी काय तिथं बसून पोट्ट्यायची त्रिकोणमिती ऐकू?" मग मीच दर शनिवारी सकाळची बस धरायला लागलो. मूर्तिजापूरला चहा, अकोल्याला उतरलं की बाजारातून वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आणि घरी पोचल्यावर शर्ट बदलून थेट ओट्यापाशी. दोन दिवस त्यांच्यासोबत जेवायचं, पुढच्या दोन-तीन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. बाबा लेखकांशी वागत तसंच माझ्या स्वयंपाकाशीही वागत. "आज रश्शाले तेल जास्त झालं. तुह्या आईची पातोडी अशी नव्हती." पण ताट पुसून खात.

बारा वर्षांपूर्वी मी त्यांना तीन मेलेल्या मशीनमधून एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. शाळेच्या ऑफिसात त्यांची बोटं मराठी टाइपरायटरवर बसलेली, म्हणून त्याच कळांचा जुना फॉन्ट टाकून दिला, आमच्या ऑफिसात चालायचा तोच. बाबांना ते फारच आवडलं. पुस्तक वाचून झालं की त्यावर दोन-तीन पानं लिहायची. त्यांना ते टिपणं म्हणायचे. फाईलींना नावं एक, दोन, तीन अशी. दहा-अकरा वर्षांत दोनशेच्या वर झाली. आधीची टिपणं वह्यांत होती. मी म्हणालो, "बाबा, आता कागद कायले सांभाळता? यात टाकलं की कायमचं राहते." त्यांनी बसून सगळ्या वह्या टाइप केल्या आणि रद्दीवाल्याला दिल्या. हे मी म्हणालो होतो, दुसरं कोणी नाही.

ती टिपणं मी कधी वाचली नाहीत. बापाचं लिहिलेलं वाचायला पुढे वेळ आहे असंच वाटत असतं.

मग त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात, तेव्हा कुठे त्यांना माझं तोंड थोडं दिसतं. वाचणं थांबलं, टाइप करणं थांबलं. कॉम्प्युटर फक्त व्याख्यानं ऐकायला उरला आणि तोही चालू व्हायला पाव तास घ्यायचा. मागच्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं की त्यात एक हलकी, नवी सिस्टम टाकून द्यायची. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, डिस्क धुऊन काढली, नवी सिस्टम चढवली आणि मग पेनड्राइव्ह उघडून पाहिला. एक, दोन, तीन नावांच्या शेकडो फाईली. एक उघडली तर आत इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, नुसता कचरा. दुसरीत तेच, तिसरीत तेच. महिन्यापूर्वीच ऑफिसच्या पेनड्राइव्हवर व्हायरस आला होता आणि त्याने असलीच पिलं घातली होती. मी म्हटलं, घ्या, इथंही आला. बाबा जेवून आतल्या खोलीत झोपले होते. त्यांना उठवून एक शब्द विचारायला मला काय झालं होतं? पण मी पडलो एक्स्पर्ट. सगळ्या फाईली उडवल्या, पेनड्राइव्हही साफ केला आणि त्यावर भीमगीतं भरून दिली.

बुधवारी ऑफिसात नवं मशीन आलं. मी त्यावर एक जुनं परिपत्रक उघडलं, तर तसाच कचरा. शेजारच्या टेबलावरची बाई मान न वळवता म्हणाली, "साहेब, फॉन्ट नाही टाकला न त्यात. फॉन्ट टाका, मराठी होऊन जाईन."

त्या जुन्या फॉन्टचं असंच असतं. आत ठेवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट मशीनमध्ये असला की ती मराठी दिसतात, नसला की कचरा. वीस वर्षं मी त्या फॉन्टमध्ये पत्रं काढली आहेत. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी फॉन्ट टाकला आणि परिपत्रकाची मराठी होताना बघत बसलो.

त्या शनिवारी सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. आधी दुपारपर्यंत डिस्कवर जे जे करता येतं ते करून पाहिलं. काही हाती लागलं नाही. ज्या जागेवर टिपणं होती, तिथेच मी नवी सिस्टम पसरवली होती. भरीत-भाकर झाली, जेवणं झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "आज वेळ हाय न तुले? माह्या टिपणांतलं काही वाचून दाखव. आता दुसऱ्याचं वाचता येत नाही, तं आपलंच ऐकून पाहू म्हणतो." आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चेहरा असा की लग्नघरात जेवायला बसलेत.

मला सांगता आलं नाही. मी एक कोरी फाईल उघडली, कारण स्क्रीनचा उजेड त्यांना कळतो, आणि वाचायला लागलो.

"या पुस्तकात लेखकाने मनाचं चंचलपण फार सुंदर रीतीने मांडलं आहे. मन हे नदीसारखं आहे. वरून तीच दिसते, पण पाणी दर क्षणी नवं असतं."

"हे मी लिहिलं?" बाबांनी विचारलं.

"हो जी."

"नदी?"

"हो."

त्यांनी खुर्ची थोडी स्क्रीनकडे ओढली. मग म्हणाले, "बरं. पुढं वाच."

पुढे आठ शनिवार मी वाचत गेलो. बसमध्ये खिडकीशी बसून मनात जुळवाजुळव करायची, मूर्तिजापूर गेलं की उजळणी. खरं सांगतो, मला मजा यायला लागली. आयुष्यभर मी तत्त्वज्ञान वाचलं पण माझं ऐकून घेणारं कोणी भेटलं नव्हतं. बायको दोन मिनिटांत कुकरकडे बघायला जाते. इथे बाबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते आणि मी काळ, मन, करुणा अशा विषयांवर घोळून घोळून वाचत होतो. म्हाताऱ्याला आनंद देतोय असं स्वतःला सांगायचो. स्वतःला फसवायला मला तरी कधी कोणाची मदत लागली नाही.

पण बाबा मधे थांबवत नव्हते. "हे मले पटत नाही" हे वाक्य आठ शनिवारांत एकदाही आलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारपणाने मऊ झाले. मग एका रविवारी मी पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शात मीठच टाकायला विसरलो. स्वतःचा पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. बाबांची वाटी तोवर संपत आली होती.

"बाबा, मीठ नाही यात."

"असं का?" ते म्हणाले. "मले वाटलं माह्याच तोंडाले चव नाही."

दुपारी मी कॉम्प्युटर चालू केला तर म्हणाले, "राहू दे."

"काहून?"

"काही दम नाही बे त्यात." ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडेही बघत नव्हते. "मले वाटे, आपण काही तरी लिहून ठेवलं हाय. मोठं नाही, पण आपलं. अन हे तं कॅलेंडरवर छापते तसं हाय सारं. सुंदर रीतीने मांडलं हाय, छान सांगितलं हाय. अन मले यातलं एक अक्षर आठवत नाही लिहिल्याचं. एकही नाही."

मी म्हणालो, "वय झालं बाबा, विसरते माणूस." आजही हे आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पुढच्या शनिवारी गेलो तर दारापाशी पुस्तकांचे चार गठ्ठे. सुतळीने बांधलेले, चाचपडत मारलेल्या गाठी, एकेका गठ्ठ्याला चार-चार. कपाट रिकामं. "विहाराच्या वाचनालयात देऊन ये," बाबा म्हणाले. "ज्याले समजते त्यानं वाचावं. मी उगाच इतकी वर्षं लेखकायशी भांडत बसलो. भांडायचीही अक्कल लागते." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ते पंखा बंद कर म्हणावं तसं म्हणाले. मी ऑटो मिळत नाही, पुढच्या शनिवारी नेतो, असं काहीतरी पुटपुटलो.

रविवारी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. ती आवाज चढवणाऱ्यांतली नाही.

"त्यायले वाटून राहिलं की त्यायचं डोस्कं गेलं," ती म्हणाली. "अन तुमाले अजून स्वतःचीच पडली हाय."

तोवर हे मला असं सरळ दिसलं नव्हतं. मी समजत होतो की मी त्यांची टिपणं घालवली आणि खोटं बोलून तो धक्का वाचवला. प्रत्यक्षात मी त्यांच्या हातात माझी भिकार वाक्यं देऊन सांगितलं होतं की हे तुम्ही आहात. खरी टिपणं गेली असं कळलं असतं तर ते आठ दिवस रागावले असते. आता ते स्वतःवरच नाराज होऊन बसले होते आणि तिथे त्यांना समजावायला कोणी जाऊ शकत नव्हतं, माझ्याशिवाय.

येताना मी तो भीमगीतांचा पेनड्राइव्ह उचलून आणला होता, त्या आठवड्यात पुसलेल्या फाईली शोधत त्याच्याच मागे लागलो. ऑफिसातून आलं की जेवणापर्यंत तेच. आठवडाभरात एका फाईलचा तुकडा सापडला. दीड पान. फॉन्ट टाकला आणि कचऱ्याची मराठी झाली. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची घेऊन पुन्हा वाचलं. बायकोला हाक मारायच्या आतच ती आपणहून आली, खांद्यावरून वाचलं आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

मनात आलं, हे एवढंच नेऊन वाचावं. खूष होतील, गठ्ठे सोडतील आणि बाकीचं झाकलेलं राहील. हे मनात आलं हे लपवत नाही.

शनिवारी बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. त्याला डोळे लागत नाहीत, अंगठा पुरतो. दाणे ताटलीत पडत होते. मी कांदा चिरायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. खिशातून कागद काढला.

"बाबा, एक टिपण वाचतो."

"नको म्हटलं न तुले."

"हे शेवटचं."

त्यांनी पुढची शेंग घेतली. मी वाचलं.

"लेखक म्हणतो, दुःखाचं कारण कळलं की दुःख सुटतं. हे मला पटत नाही. माझी पत्नी कशाने गेली, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी मास्तर आहे, मला चित्र समजतं. सगळं समजलं. पुढे काय? तिच्या गोळ्यांच्या वेळा मला अजून पाठ आहेत. आठ, दोन, आठ. कारण संपलं, वेळा संपल्या नाहीत. लेखकाने याचं उत्तर द्यावं, नाहीतर हे पान खोडून टाकावं."

अंगठा थांबला होता. बाबांनी मान तिरपी करून माझ्या कानाकडे पाहिलं.

"हे माहं हाय," ते म्हणाले.

"हो. हे तुमचं."

"अन बाकीचं?"

"बाकीचं माझं होतं, बाबा. नदी-बिदी सगळं. तुमची टिपणं गेली. मी घालवली. तुम्ही झोपले होते, मी न विचारता उडवली. हे दीड पान सोडून काही उरलं नाही." एवढं बोलायला मला दहा शनिवार लागले होते आणि ते अर्ध्या मिनिटात बोलून झालं.

बाबांनी ताटली मांडीवरून उचलून खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून आत जातील. मी ओट्याला धरून उभा होतो, पन्नाशी ओलांडलेला माणूस.

"सगळं गेलं?"

"सगळं."

"वह्यायतलंही?"

"हो."

"मले वाटलं होतं ते कायमचं राहते," ते म्हणाले. ते मला मारायला म्हणाले नव्हते, पण लागायचं तिथे लागलं. मी खाली बसलो, त्यांच्या खुर्चीपाशी, शेंगांच्या सालपटांत. माफ करा म्हणायला गेलो तर नुसतं रडू आलं. पोरासारखा रडलो. बाबांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला.

"म्हणजे ते सुंदर रीतीने मांडलं हाय, ते तुहं?"

मी मान हलवली. हात डोक्यावरच होता, त्यांना कळलं.

ते हसायला लागले. आधी पोट हललं, मग आवाज आला, मग ठसका लागला. पाणी दिलं तरी हसतच होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. कितीतरी वेळाने श्वास जागेवर आला.

"मोठा भैताड हायेस," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "दोन महिने झाले, मी रोज सकाळी उठलो की आधी माहं नाव म्हणून पाहून राहिलो. मंग शाळेचं. मंग तुहं. मंग तुह्या आईचं. येते का म्हणून."

"येत होतं न?" मी विचारलं.

"येत होतं," बाबा म्हणाले. "पण इतकं भिकार लिहिणाऱ्या माणसाच्या आठवणीवर मी भरवसा कसा ठेवू?"